देवघरातला एक तांब्या पाणी: भरण्यापासून झाडाच्या बुडाशी ओतेपर्यंत, पहिल्यांदाच पूजा करणाऱ्यांसाठी

मागच्या श्रावणात माझ्या भाचीचा डब्लिनहून व्हिडिओ कॉल आला. नवीन फ्लॅट, शेल्फवर देव मांडलेले, निरांजन लावलेलं, आणि हातात स्टीलचा पेला धरून विचारतेय, "मावशी, इथलं नळाचं पाणी चालतं का गं देवाला? गंगाजल नाहीये माझ्याकडे." तिला सगळं समजावून सांगितलं, आठवड्यानं तिच्या मैत्रिणीनं तेच विचारलं, मग इथे सोसायटीत नवीन लग्न झालेली एक जोडी आली, त्यांचंही तेच. तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, म्हणजे ज्याला हवं त्यानं वाचत वाचत करावं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पूजेत फूल नसलं तर अक्षता वाहून भागतं, वस्त्र नसलं तर कापसाचं वस्त्र किंवा परत अक्षताच, पण पाणी नसेल तर पूजा सुरूच होत नाही. षोडशोपचार म्हणतो ना आपण, ते 16 उपचार मोजलेत तर पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान हे चार तर सरळ पाण्याचेच आहेत, आणि बाकीच्यांतही मध्ये मध्ये पळीभर पाणी सोडावंच लागतं. म्हणून मी शिकवताना मंत्रांपासून सुरुवात करत नाही, पाण्यापासून करते. एक तांब्या भरायचा आणि तो रिकामा होईपर्यंत त्याच्या मागे मागे जायचं, पूजा आपोआप समजते.

पहिली पायरी: पाणी कुठलं

उत्तर सोपंय. घरातली माणसं जे पाणी पितात तेच देवाला. नळाचं, विहिरीचं, बोअरचं, फिल्टरचं, डब्लिनच्या नळाचं, सगळं चालतं. कारण ह्यातलं थोडं पाणी आचमनाच्या निमित्तानं तुमच्या पोटात जाणार आहे आणि थोडं तीर्थ म्हणून घरातल्या लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या. जे पाणी आपण पिणार नाही ते देवाच्या नावानं दुसऱ्याच्या हातावर घालायचं हे मला कधीच पटलेलं नाही.

जुन्या धर्मशास्त्रात शुद्ध पाण्याची जी खूण दिलीय ती फार छान आहे. जमिनीवर साठलेलं, एका गाईची तहान भागेल इतकं पाणी, त्यात घाण मिसळलेली नसावी आणि त्याचा वास, रंग, चव जागेवर असावी, की ते शुद्ध. म्हणजे बघा, नाक, डोळे आणि जीभ वापरा असंच सांगितलंय. त्यामुळे तांब्या भरताना आधी पाणी उजेडात धरून बघायचं, वास घ्यायचा. पावसाळ्यात पहिले काही दिवस नळाला गढूळ येतं, ते भरायचं नाही, थांबायचं किंवा फिल्टरचं घ्यायचं.

दुसरी जुनी गोष्ट म्हणजे वस्त्रगाळ पाणी. आमच्या आजोळी कोकणात विहिरीवर रहाट होता, आजी कळशीच्या तोंडावर धुतलेल्या सुती लुगड्याचा तुकडा चौपदरी घालून मगच त्यात पोहरा रिकामा करायची. तेव्हा ती नुसती पद्धत वाटायची. नंतर वाचलं की बांगलादेशात मतलब नावाच्या भागात हाच प्रयोग करून बघितला, जुन्या साडीच्या घड्या करून त्यातून नदीतळ्याचं पाणी गाळायला बायकांना शिकवलं, आणि कॉलराचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, 2003 साली ते छापून आलं. नवीन साडीपेक्षा जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली साडी जास्त चांगली गाळते, कारण धाग्यांना तूस सुटतं आणि भोकं बारीक होतात. अर्थात कापडानं सगळे जंतू जात नाहीत, त्यामुळे पाण्याबद्दल शंका असेल तर उकळून गार करायचं, देवाला चालतं, आणि नाही चालत म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

टँकरचं पाणी असेल तर एक वेगळीच अडचण येते, मूर्तीवर पांढरे डाग. ते पाण्यातल्या क्षारांचे, पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं आपलं भारतीय मानक म्हणतं, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत, आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी पुष्कळदा त्या मधल्या पट्ट्यात असतं. स्नान साध्या पाण्यानं घाला, शेवटचा एक पेला आरओ फिल्टरच्या पाण्याचा घाला (साध्या फिल्टरनं क्षार जात नाहीत) आणि सुती कापडानं लगेच कोरडं करा, डाग पडत नाहीत. आणि आरओमधून जे टाकाऊ पाणी नळीवाटे बाहेर पडतं ते बादलीत धरून ठेवा, पूजेची भांडी घासायला उपयोगी पडतं.

शिळं पाणी घेत नाहीत. रात्री भरलेलं सकाळी पूजेला वापरायचं नाही, सकाळी ताजं भरायचं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असेल तर सकाळी उठल्या उठल्या तांब्या भरून ठेवा, वर जाळी किंवा पातळ फडकं, तुमची आंघोळ होईपर्यंत वास कमी होतो.

आता गंगाजल. मोठ्या माणसांना विचारलंत तर सांगतील गंगाजल शिळं होत नाही, आणि त्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. 1896 साली हँकिन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं आग्र्याला असताना लिहून ठेवलंय की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. पण ती सव्वाशे वर्षांपूर्वीची नदी होती. आज कुणीतरी यात्रेहून आणलेली प्लास्टिकची बाटली कपाटात आठ वर्षं पडलीय आणि आतून हिरवट दिसतेय, तर त्यातलं पाणी प्यायला देऊ नका, थेंबभर कलशात सुद्धा नको जर त्याचंच तीर्थ करणार असाल. तुळशीत घाला किंवा दारात शिंपडा. गंगाजल नसल्यानं काहीच अडत नाही, ते कसं ते कलशाच्या पायरीला सांगते.

दुसरी पायरी: भांडी

तांब्या, पळी-पंचपात्र (म्हणजे पूजेचा चमचा आणि पाण्याचा छोटा पेला), ताम्हन (देवांना स्नान घालायची पसरट ताटली), एक छोटा कलश किंवा गडू, असला तर शंख, आणि अजून एक साधी ताटली. एवढंच. अभिषेकाचं पात्र, झारी वगैरे नंतर घ्या, सुरुवातीला दुकानदार जे सगळं दाखवतो ते घेऊ नका. परदेशात असाल आणि तांब्याचं काही मिळत नसेल तर स्टीलचा पेला आणि चहाचा चमचा घ्या, फक्त तो त्याच कामाला ठेवा, सकाळी पूजा आणि संध्याकाळी त्याच पेल्यात दुसरं काही असं नको.

तांब्याची भांडी रोज घासायची. चिंच आणि मीठ, किंवा लिंबाची साल, किंवा पितांबरी, काहीही, पण नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवलं तर त्यातले बरेचसे जंतू मरतात हे तपासून बघितलेलं आहे, पण ते पाण्यापुरतंच. आंबट काही तांब्यात ठेवायचं नाही. हे मी स्वतः चूक करून शिकलेय. पहिल्यांदा घरी सत्यनारायण केला तेव्हा सकाळीच पंचामृत कालवून तांब्याच्या गडूत ठेवलं, म्हटलं शोभून दिसेल, दुपारी तीर्थप्रसादाच्या वेळी बघते तर कडेला हिरवी रेघ आणि चव पूर्ण कळकलेली. सगळं टाकून परत केलं, तोवर पाहुणे खोळंबून बसलेले. तेव्हापासून पंचामृत चांदीच्या नाहीतर स्टीलच्या वाटीत, आणि ताम्हनात देवावर घातलेलं पंचामृतही पूजा झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढून घेते.

तिसरी पायरी: आपली आंघोळ

पूजेआधी आंघोळ हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. पण ताप आलाय, ऑपरेशन झालंय, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांना देवाला फूल वाहायचंय, मग काय? आपल्याकडे स्नानाचे सात प्रकार सांगितलेत आणि त्यात डोक्यावरून पाणी घेणं हा एकच प्रकार आहे, वारुण. बाकीचे म्हणजे मंत्र म्हणत अंगावर पाणी शिंपडणं ते मांत्र, अंगाला माती लावणं ते भौम, भस्म लावणं ते आग्नेय, गाईंच्या पावलांनी उडालेली धूळ अंगावर घेणं ते वायव्य, ऊन पडलेलं असताना येणाऱ्या पावसात भिजणं ते दिव्य, आणि मनातल्या मनात देवाचं चिंतन ते मानस. माझी आजी शेवटची दोन वर्षं मानस स्नानच करायची, ओल्या फडक्यानं तोंड-हात पुसून द्यायचे आम्ही, डोळे मिटून पाच मिनिटं बसायची आणि मग म्हणायची हं द्या आता फुलं. तिची पूजा अपुरी होती असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

इथेच एक बोलायचंय आणि स्पष्टच बोलते. कुणाच्या हातचं पाणी चालतं हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, कामाला येणाऱ्या मावशींनी तांब्या भरला तर चालेल का असं दबक्या आवाजात विचारतात. चालतं. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं पाणी प्यायली, आणि नंतर काही लोकांनी 108 घागरींचा विधी करून शेण, गोमूत्र, दही, दूध त्या तळ्यात मिसळलं आणि त्याला शुद्धी म्हटलं. प्यायच्या पाण्यात शेण मिसळलं आणि त्याला शुद्धी म्हटलं, हे वाक्य दोनदा वाचा. तळ्यावरचा हक्क कोर्टात लागायला 1937 उजाडलं. माणसाच्या स्पर्शानं पाणी बाटत नाही, घाणीनं बाटतं. आणि आपल्या पैठणच्या नाथांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, काशीहून रामेश्वराला घालायला कावडीतून आणलेली गंगा त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. ती गोष्ट मुलांना सांगायची आणि मावशींनी भरलेला तांब्या ओतून द्यायचा, ह्याचा मेळ मला लागत नाही. हात धुतलेले असावेत, तुमचेही आणि त्यांचेही, बस.

चौथी पायरी: आचमन

नवीन माणसाची इथेच तारांबळ उडते म्हणून सावकाश सांगते.

पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून बसा. पंचपात्रात तांब्यातलं पाणी ओतून घ्या. समोर ती साधी ताटली ठेवा, ताम्हन नको, कारण आचमनाचं पाणी उष्टं असतं आणि ताम्हनात देव बसायचेत. डाव्या हातात पळी. उजवा तळहात थोडा खोलगट करायचा, गाईच्या कानासारखा, म्हणून त्याला गोकर्ण म्हणतात. पळीतून पाणी घालायचं ते किती, तर उडदाचा दाणा बुडेल इतकंच. सगळे भरपूर घेतात आणि मग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ जातो, सदऱ्याच्या बाह्या भिजतात. उडदाचा दाणा खरंच एकदा तळहातावर ठेवून पाणी घालून बघा, परत कधी चुकणार नाही.

ॐ केशवाय नमः, प्यायचं. ॐ नारायणाय नमः, प्यायचं. ॐ माधवाय नमः, प्यायचं. अंगठ्याच्या बुडाकडून, ओठ टेकवून, आवाज न करता. चौथं नाव ॐ गोविंदाय नमः, त्या वेळी प्यायचं नाही, पाणी बोटांवरून ताटलीत सोडायचं. मग हात जोडून विष्णूपासून श्रीकृष्णापर्यंतची बाकीची 20 नावं म्हणायची, एकूण 24 होतात. पाठ नसतील तर कागदावर लिहून समोर ठेवा, काही बिघडत नाही. आचमनाचं पाणी गरम नको आणि फेसाळलेलं नको असाही नियम आहे, म्हणून नळाची धार जोरात सोडून भरलेलं पाणी जरा निवू द्यायचं.

तळहाताच्या प्रत्येक भागाला तीर्थाचं नाव आहे हे इथेच सांगून टाकते. बोटांची टोकं देवतीर्थ, अंगठ्याचं बूड ब्राह्मतीर्थ, करंगळीचं बूड प्रजापतितीर्थ, अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा पितृतीर्थ. म्हणून देवाला पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात आणि पितरांना तर्पण करताना अंगठ्याच्या बाजूनं. श्राद्धाला बसलात की गुरुजी हात कसा वळवायला सांगतात ते आता कळेल.

पाचवी पायरी: संकल्प

आज कोणती तिथी, मी कोण, कशासाठी पूजा करतोय हे म्हणायचं, संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणा, आणि "करिष्ये" म्हणताना उजव्या हातावर पळीभर पाणी घेऊन सोडायचं. एखाद्या गोष्टीवर उदक सोडलं असं आपण बोलताना म्हणतो ना, ते इथूनच. पाणी हातातून गेलं की परत घेता येत नाही, तसा शब्द.

सहावी पायरी: कलश, शंख, प्रोक्षण

छोटा कलश किंवा गडू पाण्यानं भरा, बाहेरून गंध लावा, आत एक फूल आणि चार अक्षता. कलशावर उजवा हात ठेवून म्हणायचं:

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति ।
नर्मदे सिंधु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥

सात नद्यांना सांगतोय की बायांनो, ह्या पाण्यात येऊन राहा. गंगाजलाची बाटली नसल्यानं अडत नाही म्हटलं ते ह्याचसाठी. डब्लिनच्या नळाच्या पाण्यात गोदावरी येते ती अशी. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, मावशी, नाशिकची आठवण आली.

शंख असेल तर तो पाण्यात बुडवून भरायचा नाही, पळीनं भरायचा, गंधफूल वाहायचं. शंखानं महादेवाला पाणी घालत नाहीत, बाकी देवांना चालतं.

मग कलशातलं थोडं पाणी फुलानं किंवा तुळशीच्या पानानं आपल्या अंगावर आणि पूजेच्या साहित्यावर शिंपडायचं, ते प्रोक्षण. त्याचा श्लोक "अपवित्रः पवित्रो वा सर्वावस्थां गतोऽपि वा, यः स्मरेत् पुंडरीकाक्षं स बाह्याभ्यंतरः शुचिः". कुठल्याही अवस्थेत असा, ज्यानं देवाचं स्मरण केलं तो आतून बाहेरून शुद्ध. थेंब चार पुरेत, पूजेचं ताट ओलंचिंब करू नका, कुंकू भिजतं आणि काडेपेटी तर हमखास.

सातवी पायरी: देवाचं स्नान

आता ताम्हन. धातूचे देव असतील तर एकेक करून ताम्हनात घ्या. आधी पाद्य, पायांवर पळीभर पाणी. मग अर्घ्य, पाण्यात गंध, अक्षता, फूल घालून. मग आचमनीय, नुसतं पाणी. मग स्नान.

रोजच्या पूजेत साधं पाणीच घालतात. सणावारी पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर ह्या क्रमानं एकेक घालायचं आणि प्रत्येकानंतर शुद्धोदक, म्हणजे स्वच्छ पाणी. हे मधलं पाणी लोक गाळतात आणि पाचही एकदम ओततात. असं करू नका. तूप घातल्यावर थोडं कोमट पाणी घेतलं तर मूर्तीच्या खाचांतलं तूप निघतं, नाहीतर ते तसंच बसतं, त्यावर साखर चिकटते आणि महिन्याभरात बाळकृष्णाच्या पावलांच्या बेचक्यात काळा थर धरतो, मग दात घासायचा मऊ ब्रश घेऊन बसावं लागतं. पंचामृतानंतर गंधोदक, पाण्यात चंदन उगाळून, आणि मग अभिषेक.

अभिषेकाला धार बारीक हवी आणि तुटायला नको. देवळात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगलेली असते, तांब्याचं भांडं आणि बुडाला भोक, तेच आपण हातानं करायचं. माझ्या तांब्यात बरोबर 1 लिटर पाणी मावतं आणि रोजच्या पूजेला आचमनापासून तीर्थापर्यंत त्यातलं अर्ध्याहून कमीच लागतं. नळ सोडून देव धुवायचे नाहीत. पाणी कमी असलं की हात आपोआप हळू होतो, मूर्तीचा चेहरा नीट दिसतो, धार कपाळावरून नाकावर आणि तिथून हनुवटीखाली कशी जाते ते बघत बसावंसं वाटतं, रोज बघूनही.

ज्यांना पाणी घालायचं नाही तेही सांगते. फोटोवर पाणी घालू नका, फुलानं एक थेंब शिंपडा, पुसून गंध लावा, नाहीतर काचेच्या आत बुरशी येते. मातीच्या गणपतीला स्नान नाही, दूर्वेनं किंवा फुलानं शिंपडल्यासारखं करायचं आणि अभिषेक समोर ताम्हनात सुपारीवर किंवा धातूच्या छोट्या गणपतीवर. दरवर्षी कुणीतरी हौसेनं शाडूच्या मूर्तीवर तांब्या ओततं आणि सोंडेचा रंग पोटावर येतो.

आठवी पायरी: नैवेद्य आणि तीर्थ

पाटावर किंवा जमिनीवर बोटानं पाण्याचा चौकोन काढायचा, त्यावर नैवेद्याचं ताट, ताटाभोवती पाणी फिरवायचं. मग देवाला मध्ये पाणी प्यायला, शेवटी हात धुवायला, तोंड धुवायला म्हणून एकेक पळी ताम्हनात सोडायची. पाहुण्याला जसं आपण जेवताना पाणी विचारतो तसंच आहे हे, वेगळं काही नाही. आपण जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवतो तेही ह्याच घरातलं.

देवाच्या स्नानाचं पाणी म्हणजे तीर्थ. त्यात तुळशीचं पान घालायचं. उजव्या हाताच्या खाली डावा हात धरून घ्यायचं आणि म्हणायचं, "अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम्, विष्णुपादोदकं तीर्थं जठरे धारयाम्यहम्". प्यायल्यावर हात डोक्यावरून फिरवायची बऱ्याच जणांची सवय असते, आजीला ते चालायचं नाही, हात उष्टा झाला म्हणायची, आधी डोळ्यांना लाव आणि मग पी. आणि मूर्ती नुकतीच पितांबरीनं घासली असेल तर त्या दिवशी पहिलं धुतलेलं पाणी टाकून द्या, दुसऱ्या पाण्याचं तीर्थ करा. लहान बाळ असेल तर नुसतं ओठाला लावलं तरी झालं.

मोठ्या शुद्धी थोडक्यात. नवीन घरात गेलात, मुंज-लग्न ठरलं, की गुरुजींना बोलावून उदकशांत करतात. कलशात पाणी भरून त्यावर बराच वेळ मंत्र म्हणतात आणि शेवटी ते पाणी घरभर आणि घरातल्यांच्या अंगावर शिंपडतात. सुतक फिटल्यावर घर धुऊन पुसून पाणी, गोमूत्र किंवा पंचगव्य शिंपडतात. ज्याच्या त्याच्या घरची रीत वेगळी, ती घरातल्या मोठ्यांना विचारा.

नववी पायरी: पाणी जातं कुठे

ही पायरी कुणीच शिकवत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. ताम्हनातलं पाणी बेसिनमध्ये ओतत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत. साधं पाणी असेल तर तुळशीला. पंचामृताचं असेल तर तुळशीला नको, दूध-साखरेनं मुंग्या लागतात आणि माती आंबते, ते भरपूर पाणी घालून पातळ करायचं आणि खाली सोसायटीतल्या एखाद्या मोठ्या झाडाच्या बुडाशी, रोज एकाच झाडाला नाही. आचमनाची ताटलीही झाडालाच. निर्माल्याची फुलं कुंडीत मातीखाली दाबा, दीड-दोन महिन्यांत माती होते.

नदीत नाही. निर्माल्य, नैवेद्य, जुने फोटो, प्लास्टिकच्या पिशवीसकट काही म्हणजे काही नदीत नाही. आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेस तरंगताना बघितलाय मी, माउलींच्या दारात, आणि त्यातच माणसं हात जोडून बुडी मारत होती. नदीत आंघोळ करायची तर त्या 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जंतू 2500 च्या वर नसावेत असं प्रदूषण मंडळाचंच माप आहे, 500 च्या आत असतील तर उत्तम. फेस बहुतेक कारखान्यांचा आणि गावांच्या सांडपाण्याचा आहे हे मलाही कळतं, आपल्या चार फुलांनी नदी मेली असं नाही. पण जिला सकाळी कलशात बोलावलं, इथे येऊन राहा म्हटलं, तिच्यात संध्याकाळी पिशवी फेकायला माझा तरी हात धजत नाही. पाण्यात थुंकू नये, घाण टाकू नये हे आपल्याच शास्त्रात लिहिलेलं आहे, नवीन कुणी सांगितलेलं नाही. 2027 ला नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ आहे, जाणार असाल तर रामकुंडावर साबण, शाम्पूच्या पुड्या आणि पानाफुलांचे द्रोण नेऊ नका, पाण्याचं रूप बरं नसेल तर आचमन घेऊ नका, ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडा, मांत्र स्नान होतं.

पूजा झाली की तांब्यात उरलेलं पाणी घरातल्या कुंड्यांना, पंचपात्रातलंही. भांडी तिथल्या तिथे विसळून, सुती फडक्यानं कोरडी करून पालथी घाला, ओली ठेवलीत तर उद्या सकाळी काळे डाग दिसतील आणि घासायला दुप्पट वेळ जाईल.